अंगठा

आज नर्मदा पहाटे चारला आली.
लोकमान्य नगरात ती अशीच येते, एक दिवसाआड,
एवढा घाट चढून थकलेली,
आधी नळात खोकते, मग नुसती हवा सोडते,
मग पाणी.

बादली भरली तसा मी पेला उपडा धरला
आणि सरळ खाली दाबला.
आत हवा राहिली. तळाशी कोंबलेला कागद कोरडा.
अंदमानला जायच्या आधी आठवडाभर हेच करत होते,
तेव्हा जाऊबाई म्हणाल्या, वासंती, पाणी सांडतेयस.
येऊन बारा दिवस झाले. अजून सांडते.

पाणीपुरवठ्याच्या खिडकीत एकतीस वर्षं बसले.
तक्रारींची वही, निळा पुठ्ठा.
पाणी येत नाही. पाणी गढूळ. प्रेशर नाही.
बियाबानी, प्रेशर नाही. परदेशीपुरा, प्रेशर नाही.
छत्रीबागेत वरच्या मजल्यावर तर कधीच नाही.
अख्ख्या शहराचं नसलेलं प्रेशर
मी सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं.

मग त्या बोटीवर कुजूर नावाच्या पोरानं
माझ्या खांद्यांवर हेल्मेट ठेवलं,
लग्नातल्या आमटीच्या पातेल्याएवढं,
पुढे काच, वरून हवेची नळी.
चष्मा राहू द्या मावशी, म्हणाला,
टिकलीसुद्धा भिजणार नाही.
जाऊबाई माझी पर्स आणि शेवेचा पुडा घेऊन बसल्या.
मी वरून बघते हो, म्हणाल्या,
आणि डोळे मिटून घेतले.

शिडीच्या सातव्या पायरीला कान ठणकले.
प्रेशर!
वाटलं, वहीत लिहावं, तारीख-वेळ घालून.
तक्रार म्हणून नाही. पोच म्हणून.

खाली पाऊल टाकायचं
आणि ते वाळूला लागेपर्यंत वाट बघायची.
गुडघे, जे जिन्यावर रोज माझ्याशी भांडतात,
कुठे गेले होते देव जाणे.
एक जून दोडकं पडलं होतं, ते जिवंत निघालं.
पिवळे मासे काचेशी आले,
सराफ्यात रात्री दहाला असते तशी गर्दी,
पण कुणी कुणाला भिया म्हणत नव्हतं.
आवाज फक्त माझ्या श्वासाचा.
बासष्ट वर्षं चाललाय हा,
आणि मी एकदाही विचारपूस केलेली नाही.

कुजूरनं खूण केली: कसं वाटतंय?
बोटीवर त्यानं दोनदा शिकवलं होतं,
बोटांचं गोल म्हणजे ठीक,
अंगठा वर म्हणजे, मला वर न्या.
आणि मी, जन्माची इंदुरी,
दोन्ही अंगठे वर केले.

त्यानं लगेच माझं कोपर धरलं.
नाही रे, छान आहे म्हणतेय, छान!
मी ओरडले, तशी काच धुकटली.
पंचवीस मिनिटांचे पैसे, नऊ मिनिटं झाली होती.
एवढ्यात? जाऊबाई म्हणाल्या.
पुडा अर्धा झाला होता.

घरी सगळे हसले. मीही हसले.
पण परवा रात्री झोपेत ती वही उघडली.
ज्यांना सही येत नसे, त्यांचे अंगठे,
पानापानावर, जांभळ्या शाईत,
सगळे वर केलेले.
मी त्यांच्यापुढे 'तक्रार नोंदवली' लिहायचे
आणि म्हणायचे, पुढचे या.

साडेचारला चावीवाला सायकलवरून गेला.
मी गॅलरीत दिसले तसा त्यानं अंगठा वर केला.
मी बोटांचं गोल करून दाखवलं.
तो थांबला. एक पाय जमिनीवर टेकवून बघत राहिला.
म्हणाला, काय बाई, काही कमी आहे का?